पाळी लांबविणाऱ्या गोळ्यांविषयी

(वार्षिक मेळाव्यातील महिला सभेपुढे केलेले भाषण)



गणेशचतुर्थी किंवा घरचे मंगलकार्य जवळ आले की आमच्या कुटुंबांतून एक गोळी मुकाट्याने हातोहात जाते. जाऊ जावेला सांगते, नणंद भावजयीला देते. डॉक्टरांस मात्र कोणी विचारीत नाही. त्याच गोळीविषयी आज उघडपणे बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

तिचे नाव नॉरएथिस्टेरॉन. स्त्रीच्या शरीरातील प्रोजेस्टेरॉन या अंतःस्रावासारखे कार्य करणारे हे कृत्रिम द्रव्य १९५१ साली मेक्सिको शहरातील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध झाले. प्रोजेस्टेरॉन ओसरले की गर्भाशयाचे अस्तर सुटून पाळी येते. गोळी चालू असेतो ते अस्तर टिकून राहते. अतिस्राव, अनियमित पाळी, गर्भाशयाबाहेर वाढणारे अस्तर अशा विकारांत तिचा मोठा उपयोग आहे. तिला सरसकट विष म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पाळी लांबविण्यासाठी सामान्यतः ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. ती थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. न आल्यास गर्भ राहिला आहे काय, हे तपासावे. कारण अशा रीतीने घेतलेली गोळी संततिप्रतिबंधक नव्हे.

आता धोक्याविषयी. एवढ्या मात्रेत शरीर तिच्या अल्पांशाचे एथिनिल एस्ट्रॅडिऑल बनविते. संततिनियमनाच्या अनेक गोळ्यांत असते तेच हे द्रव्य, आणि ते रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढविते. निरोगी तरुणीस हे भय थोडे. परंतु जिच्या शिरेत पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, जिला यकृताचा विकार वा स्तनाचा कर्करोग आहे किंवा होता, तिने ही गोळी आपल्या मनाने कदापि घेऊ नये. स्थूलपणा, धूम्रपान, डोळ्यांपुढे चमक आणणारी अर्धशिशी असल्यासही डॉक्टरांस आधी सांगावे. त्यात गणपतीसाठी मुंबईहून कोकणात जाताना दहा-बारा तास गाडीत एकाच जागी बसणे होते, तेही रक्त साकळण्यास पोषकच! वाटेत उतरून चार पावले चालावे, पाणी प्यावे. (वाटेवर सोय नसते म्हणून पाणी टाळणाऱ्या भगिनींची अडचण आम्ही जाणतो.)

घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. ज्या सुनेला ही गोळी वर्ज्य आहे, तिच्यापाशी आग्रह धरू नये. पाळी असताना ती देवघरात आली, तर नेमके काय बिघडते, हे आम्हांस तरी आजवर उमगलेले नाही.

एका पोटरीस सूज व वेदना, एकाएकी धाप, छातीत कळ, असह्य डोकेदुखी वा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही घडल्यास गोळी तत्काळ बंद करून रुग्णालय गाठावे. आणि सासरची मंडळी सोबत असली तरी, गोळी चालू होती हे डॉक्टरांस निःसंकोच सांगावे.