उजेड दिसतो का?



मघाशी सगळ्यांनी ओळख करून दिली. कुणी डॉक्टर, कुणी बँकेत, कुणी कॅनडाहून आलेलं. मी बेलापूरला, दिवाळे कोळीवाड्याच्या बंदरावर बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. साबणाने हात धुऊन आलोय, तरी नखांतलं काळं जात नाही. सांभाळून घ्या.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमची लगीनघाई. खारी हवा आणि धुराची आच, त्यात आधी खराब होतो तो एक्झॉस्ट. मॅनिफोल्डला तडे जातात, बेंड गंजतो, पॅकिंग (पुस्तकात गॅस्केट म्हणतात ते) जळून त्याचा भुगा होतो. नट इतके धरलेले असतात की जोर केला की स्टडच तुटतो. म्हणून आदल्या संध्याकाळी डिझेल सोडून ठेवायचं आणि सकाळी थोडं पुढे, थोडं मागे करत काढायचं. पाइपावरची जुनी दोरी बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसची असते. ती कोरडी ओढायची नाही, भिजवून काढायची. हे मला उशिरा कळलं.

दहाएक वर्षांपूर्वी जुलैअखेर एका सहा सिलिंडरच्या इंजिनाचं काम आलं. मॅनिफोल्ड नवा, पॅकिंग नवं, स्टडही नवे. हेडची बाजू खरवडून साफ केली. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले, इंजिन गरम करून पुन्हा आवळले. सगळं रीतसर.

दुसऱ्याच फेरीला पावसामुळे केबिन बंद करून झोपलेला एक खलाशी उठेचना. विशीतला पोरगा. तांडेलाने त्याला ओढून वाऱ्यावर आणला, तेव्हा बऱ्याच वेळाने तो ओकला आणि डोळे उघडले. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, आणि धुराच्या वासाची बोटीवर सगळ्यांना सवय.

बोट परत आल्यावर मॅनिफोल्ड उघडला. पॅकिंगवर पाच तोंडांशी स्वच्छ ठसा, सहाव्याशी काजळीचा ओघळ. हेडला पट्टी लावली, तर सरळ. मग मॅनिफोल्डला लावली, मागे बॅटरी धरली. टोकाशी उजेड आरपार! नवा आहे म्हणून मी तो तपासलाच नव्हता.

सर, नववीला टेक्निकलच्या तासाला तुम्ही लोखंडाचा तुकडा कानशीने घासायला द्यायचात. त्यावर पट्टी ठेवून खिडकीकडे धरायचात आणि विचारायचात, "उजेड दिसतो का?" दिसला की तुकडा परत हातात. शाळा सुटलेली असायची, बाहेर क्रिकेट सुरू झालेलं असायचं आणि मला तुमचा भयंकर राग यायचा. आज सांगून टाकतो.

मॅनिफोल्ड मशीनवर सपाट करून आणला, नवं पॅकिंग घालून बसवला. पैसे घेतले नाहीत. पोराच्या घरी गेलो. त्याची आई काही बोलली नाही, चहा ठेवला. तो संपवणं फार जड गेलं.

तो पोरगा आता स्वतः तांडेल आहे. दर जुलैत बोट घेऊन माझ्याकडेच येतो आणि इंजिनाशी उकिडवा बसतो. पट्टी मी धरतो, बॅटरी तो.