पटावर कोण होतं?

दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करायचं राज्य सरकारने २०१७ साली ठरवलं. सरकारी भाषेत ‘समायोजन’. मी विचारते, त्या पटावर होतं कोण? परवडतं ते घर मुलग्याला गाडीने इंग्रजी शाळेत धाडतं. वाडीवरच्या शाळेत उरतात मुली आणि मजुरांची पोरं. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ती लांब गेली की मुलगा सायकलने जातो, मुलगी धाकट्याला सांभाळत घरी बसते. म्हणून ग्रामसभेत नुसता आकडा ऐकून उठू नका. बंद शाळेचा हजेरीपट मागा, मुली मोजा, आणि त्यातली एकेक आज कुठे शिकते ते घरोघर जाऊन विचारा.