पन्नास जखमी, चार सिस्टर

मी स्टाफ नर्स, ड्युटी कॅज्युअल्टीत. ओळखीतली मुलं मला विचारतात, "सिस्टर, मोठा अपघात, पूर, स्फोट असं काही झालं तर तुम्ही तयार असता ना?"

खरं सांगू? एका पेशंटसाठी मी कधीही तयार आहे. हार्ट अटॅक असो, विषबाधा असो, हात आपोआप चालतात. पण एकदम पन्नास जखमी आले तर? तिथे मी उत्तर द्यायला जरा थांबते.

कारण अशा वेळी नियमच उलटा होतो. रोज आम्ही सगळ्यात गंभीर पेशंटवर सगळी ताकद लावतो. आपत्तीत मात्र आहे त्या माणसांत, आहे त्या सामानात जास्तीत जास्त जीव कसे वाचतील हे बघायचं. याला म्हणतात ट्राएज. १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेली 'स्टार्ट' पद्धत सोपी आहे. चालता येतं, तो हिरवा. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, किंवा नख दाबून सोडल्यावर २ सेकंदांत लाली परत येत नाही, किंवा "डोळे उघडा" एवढंही समजत नाही, तो लाल. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तो काळा. उरलेले पिवळे. एकेकाला पुरतं एक मिनिटही द्यायचं नाही.

हे पाठ होतं हो. अवघड आहे ते काळी पट्टी बांधून पुढे जाणं. एरवी त्याच माणसाला आम्ही सीपीआर दिला असता. नातेवाईक पदर धरून म्हणतात, "सिस्टर, याच्याकडे बघा ना!" तिथून पाय उचलणं पुस्तकातून येत नाही. सरावानेच येतं.

आणखी एक. हॉस्पिटलात बरेचदा किरकोळ जखमीच आधी पोचतात, रिक्षाने, चालत. खाटा त्यांनीच भरल्या, तर मागून आलेल्या लाल पेशंटला जागा कुठली? म्हणून हिरव्यांना दारातूनच वेगळीकडे बसवायचं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे सिस्टरांनी २० गरोदर महिलांना पँट्रीत सुरक्षित ठेवलं. त्यांच्या धैर्याला सलाम. पण दरवेळी सिस्टरच्या धैर्यावर भिस्त ठेवणं म्हणजे तयारी नव्हे.

मी पाहिलेली बरीचशी मॉक ड्रिल्स सकाळी अकराला, आधी सांगून, पूर्ण स्टाफ हजर असताना झाली. फोटो छान आले! मला ड्रिल हवंय रात्री तीनला. ड्युटीवर मोजक्या सिस्टर, स्टोअरची किल्ली भलत्याकडे, फोन लागत नाहीये. त्यातून गेलेली नर्स "तयार आहे" म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा.

आणि तुमच्यासाठी एवढंच. कधी अशा गर्दीत जखमी होऊन आलात आणि सिस्टर म्हणाली, "तिकडे बसा," तर रागावू नका. तिने तुम्हाला पाहिलंय, म्हणूनच तिकडे पाठवलंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!