भिंतीपलीकडचं डबकं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि नंतर मुलांचे नाच आहेत, म्हणून थेट विषयाला हात घालतो. आपल्या मागच्या भिंतीपलीकडचं डबकं बुजू द्यायचं की नाही, यावर पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत मतदान आहे. तिथला नाला वळवायला बिल्डरने आपलं ना-हरकत पत्र मागितलं आहे. बदल्यात भराव टाकून बाग करून देतो म्हणतात. निम्मे सभासद म्हणतात, डास जातील, बरंच होईल. उरलेल्यांना तिथे बगळे दिसतात. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं पाणी मोजलं, म्हणून कमिटी म्हणाली, काका, तुम्ही एकदा बघून सांगा. गेल्या ऑगस्टपासून बघतो आहे.

आपण राहायला आलो तेव्हा तिथे भाताची खाचरं होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. डोंबिवली पूर्वेला तेव्हा सगळीकडेच होती. शेती थांबली, चारही बाजूंनी रस्ते उंच झाले आणि मधला सखल तुकडा राहिला. टेपने मोजला, साधारण तीस गुंठे, म्हणजे पाऊण एकर. एका कोपऱ्यात राडारोड्याचा ढीग, अर्ध्या भागावर जलपर्णी, कडेने पाणकणीस. रूप म्हणाल तर काही नाही.

अशा जागेची पाहणी बहुधा कोरड्या दिवसांत होते. पर्यावरणाच्या अहवालांसाठी अनेकदा एकाच ऋतूची निरीक्षणं घेतात, तीही पावसाळा सोडून. मे महिन्यात आपलं डबकं म्हणजे भेगाळलेली जमीन आणि त्यावर पोरांचं क्रिकेट. कागदावर 'पडीक जमीन' असंच येणार, आणि लिहिणारा खोटंही बोलत नसणार. पण मे महिन्यातही फूटभर खणून बघता येतं. आम्ही खणलं तर करडा, चिकट चिखल निघाला आणि त्यात गंजासारखे तांबडे ठिपके. माती वर्षातले काही महिने पाण्याखाली राहिली, तिला हवा मिळाली नाही, की तिच्यातलं लोह असे रंग दाखवतं. पाणी उन्हाळ्यात निघून गेलं तरी ही खूण राहते.

आता पाणी. ऑगस्टात बांबूवर खुणा करून सतरा ठिकाणी खोली घेतली. सरासरी 40 सेंटिमीटर. तीन हजार चौरस मीटरवर ते होतात 1,200 घनमीटर, म्हणजे बारा लाख लिटर. आपल्याकडे येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा, 120 टँकर. तुडुंब भरलेलं डबकं पुढचा पाऊस अडवत नाही, हेही खरं. पण पाणी बाहेर पडतं ती कड त्या दिवशी आणखी नऊ इंच वर होती. भराव पडला तर हे सगळं पाणी उताराने जाणार, आणि उतार आपल्या गेटकडे आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी आपल्या पार्किंगमध्ये काय झालं ते ए विंगच्या तळमजल्याला विचारा. आणि तेव्हा मागे मोकळी खाचरं होती.

डासांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तिथे डास आहेतच, क्युलेक्स, घाण पाण्यातले. डेंग्यूचा एडिस मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. आपल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे डबे ही त्याची घरं. डबकं बुजवून तो जाणार नाही. क्युलेक्ससाठी घाण कुठून येते ते शोधलं. दोन पाइप सापडले. एक पलीकडच्या चाळींचा. दुसरा आपल्या सी विंगचा! रस्त्यावर मलवाहिनी आली, पण सेप्टिक टँकची जास्तीची जुनी लाईन तशीच राहिली. (इथे हशा झाला होता, पण मी गंभीरपणे सांगत होतो.) जलपर्णी फोफावते ती याच खतावर.

पक्षी मोजले. ढोकरी, पाणकोंबडी, टिटवी, खंड्या, हिवाळ्यात दोन-तीन तुतवार. दुर्मीळ काही नाही. उगाच फ्लेमिंगो येतात असं सांगून कुणी मतं मागू नयेत. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये झालं, 2022 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला, ते साडेसहा हजार हेक्टरचं प्रकरण आहे. आपलं एक तृतीयांश हेक्टरसुद्धा नाही.

कायद्याचाही फार भरवसा धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दोन लाखांवर पाणथळ जागांना संरक्षण दिलं, पण ती यादी सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांची. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांतून भातशेती वगळली आहे, त्यामुळे हे जुनं खाचरच, असं म्हणायला वाव राहतो. आपलं डबकं कुठल्याच नकाशावर नाही. त्याचा निकाल म्हणूनच आपल्या सहीसारख्या छोट्या कागदांवर लागतो.

आणि तो कागद नाल्याचा आहे, हे नीट बघा. नेरूळचा डीपीएस तलाव आठवा. त्यावर कुणी डंपर रिकामे केले नव्हते. खाडीचं पाणी आत यायचे मार्ग बंद झाले आणि 2024 मध्ये तो कोरडा पडला. त्याच सुमारास तिथे फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. नाला वळवला की आपलं डबकंही दोन वर्षांत आपोआप सुकेल, मग भराव घालायला कुणाची हरकत राहणार?

माझं मत विचारलंत तर नाल्याला हरकत घ्यावी. इमारतीला नाही, तो त्यांचा हक्क आहे आणि प्लॉट मोठा आहे. सखल कोपरा मोकळा ठेवून, राडारोडा उचलून बाकी जागेवर बांधता येईल. त्यांच्या आर्किटेक्टला मी खोलीचे आकडे दिले आहेत, त्यांनी ते ठेवून घेतले. मात्र आपली लाईन तशीच ठेवून आपण त्यांना पत्र लिहिणं शोभणार नाही. सी विंगचा पाइप मलवाहिनीला जोडायचा अंदाज प्लंबरकडून आणला आहे, नोटीस बोर्डावर लावलाय. प्रत्येक फ्लॅटमागे जो आकडा येतो, तो आपल्या गणपतीच्या वर्गणीपेक्षा कमी आहे. वाचून या, आणि शंका असतील तर सभेआधी माझ्याकडे विचारा.