पिकल्सला मिळालेली पुरचुंडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दलही घरोघरी हेच शिकवलं जातं. रस्त्यात एखादी बेवारस वस्तू दिसली, तर ‘कशाला नसती भानगड’ म्हणत आपण पुढे निघतो. आज गोष्ट सांगणार आहे ती असं पुढे न निघालेल्या एका माणसाची. गोष्ट खरी आहे, आणि तिचं सगळं नाव मात्र झालं त्याच्या कुत्र्याचं!

साल १९६६. फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्ये व्हायची होती. विजेत्यांना मिळणारा ज्यूल रिमे चषक लंडनमध्ये टपाल तिकिटांच्या एका प्रदर्शनात मांडला होता. रविवार, २० मार्चला पहारा असतानाही भर दिवसा तो नाहीसा झाला. गंमत म्हणजे प्रदर्शनातल्या लाखो पौंडांच्या तिकिटांना चोरानं हातसुद्धा लावला नाही.

स्कॉटलंड यार्डची अब्रू पणाला लागली. फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष जो मिअर्स यांच्याकडे पंधरा हजार पौंड मागणारी चिठ्ठी आली. सोबत पुरावा म्हणून चषकाचाच एक सुटा भाग! पोलिसांनी बॅग भरली. वर खऱ्या नोटा, खाली नुसते कागद. पैसे घ्यायला आलेला एडवर्ड बेचली पकडला गेला. ‘मी फक्त मधला माणूस’ असं त्याचं म्हणणं. माणूस सापडला, पण चषक काही सापडेना.

पुढच्याच रविवारी, २७ मार्चला, दक्षिण लंडनमधल्या नॉरवूड भागात डेव्हिड कॉर्बेट नावाचा तरुण संध्याकाळी घराबाहेर पडला. थेम्स नदीवर मालवाहू होड्यांवर काम करणारा हा साधा माणूस. त्याला एक फोन करायचा होता. सोबत पिकल्स नावाचा काळापांढरा कुत्रा. शेजाऱ्याच्या गाडीच्या चाकापाशी पिकल्स घुटमळायला लागला. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीनं करकचून बांधलेली एक पुरचुंडी पडली होती.

कॉर्बेटला आधी वाटलं, बॉम्ब तर नसेल? उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. थोडा कागद फाडून पाहतो, तर नावं कोरलेली: ब्राझील, पश्चिम जर्मनी, उरुग्वे! तो धावतच घरात गेला आणि बायकोला म्हणाला, बहुतेक मला विश्वचषक सापडलाय.

तिथून थेट पोलीस ठाणं. तिथल्या अंमलदाराला ती वस्तू विश्वचषकासारखी वाटेचना! ओळख पटली तेव्हा मात्र सगळं चित्र बदललं. कॉर्बेटला स्कॉटलंड यार्डात नेलं आणि मध्यरात्र उलटेपर्यंत प्रश्नांची सरबत्ती झाली. चोरीच्या दिवशी कुठे होतास? पुरचुंडी तुलाच कशी मिळाली? चषक परत आणून देणारा माणूस काही काळ पोलिसांचा पहिला संशयित होता. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण ती रात्र त्याला काढावीच लागली.

पोलिसांचंही सर्वस्वी चुकलं असं म्हणवत नाही. हरवलेली वस्तू ज्याच्या हाती दिसते, त्यालाच आधी विचारावं लागतं. पण नेमक्या याच भीतीनं कितीतरी लोक पाहिलेलं सांगत नाहीत. आपल्याकडे अपघातातल्या जखमींना हात लावायला लोक कचरायचे, म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण द्यावं लागलं.

कॉर्बेटला पुढे हजारो पौंडांचं बक्षीस मिळालं. त्यातून त्यानं घर घेतलं. पिकल्सला पदक मिळालं, तो सिनेमातही झळकला. ३० जुलैला इंग्लंडनं तोच चषक जिंकला, तेव्हा विजयाच्या मेजवानीचं आमंत्रण पिकल्सलाही होतं. बेचलीला पैसे उकळण्याच्या प्रयत्नाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. चोरीबद्दल मात्र कुणालाच शिक्षा झाली नाही.

१९७० मध्ये तिसऱ्यांदा जिंकून ब्राझीलनं तो चषक कायमचा मिळवला. १९८३ मध्ये रिओत तो पुन्हा चोरीला गेला आणि आजतागायत मिळालेला नाही.

त्या संध्याकाळी पुरचुंडी पायानं सरकवून फोन करायला निघून जाणं कॉर्बेटला किती सोपं होतं! तो फोन नंतर केला की राहूनच गेला, कोण जाणे.