सापळा फक्त तलाठ्यालाच का?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



वारसनोंदीसाठी पैसे मागणारा तलाठी लाचलुचपत प्रतिबंधक खात्याच्या सापळ्यात सापडला, अशी बातमी आपण नेहमी वाचतो. नोटांना पावडर लावतात, लाच घेणाऱ्याचे हात पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. काम चांगले आहे. 1064 नंबर फिरवायला कचरू नका. पण जिथे नोटा हातात घ्याव्याच लागत नाहीत, नुसती बैठक होते आणि खरेदीखत होते, तिथे ही पावडर लावायची कुठे?

ज्वारी-कपाशी परवडेना म्हणून आपल्या घरची पोरे पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत गेली. त्याच पट्ट्यातल्या भोसरीची ही गोष्ट. तिथली तीन एकर जमीन औद्योगिक विकास महामंडळाने कित्येक वर्षांपूर्वी संपादित केलेली, मोबदल्याचा वाद पडून. एप्रिल 2016 मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे यांनी या जमिनीबाबत बैठक घेतली. त्याच महिन्यात त्यांच्या पत्नी आणि जावयाच्या नावे 3 कोटी 75 लाखांना ती खरेदी झाली. जूनमध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला.

पुढचे ऐका. निवृत्त न्यायमूर्ती झोटिंग यांची समिती बसली, 2017 मध्ये अहवाल आला. 2021 मध्ये तो अहवाल सापडत नाही अशा बातम्या आल्या, मग सापडल्याच्या! लाचलुचपत खात्याने 2017 मध्ये गुन्हा नोंदवला. 2018 मध्ये तेच खाते न्यायालयात म्हणाले, पुरावा नाही. 2020 मध्ये खडसेंनी पक्ष बदलला. 2022 मध्ये सरकार बदलले, आणि त्याच खात्याला पुन्हा तपास हवासा झाला.

खडसे या साऱ्याला राजकीय सूड म्हणतात. ते दोषी की निर्दोष, हे आम्ही ठरवत नाही. पण ते दोषी असतील तर 2018 चा तपास कुचकामी, निर्दोष असतील तर 2022 चा. दोन्ही वेळा खाते गृहखात्याच्याच हाताखाली. साहेबांची बदली कोणाच्या सहीने होते, हे साहेबांना पाठ असते. बियाणे विकणाऱ्यानेच उगवणशक्तीचा दाखला द्यायचा, तसे हे. कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो ते उलटे होते.

शेजारच्या कर्नाटकात लोकायुक्ताच्या हाताखाली स्वतःचे पोलीस होते. 2011 मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणींचा अहवाल दिला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पांना खुर्ची सोडावी लागली. मग 2016 मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारने काय केले? वेगळा विभाग काढून त्या पोलिसांचे अधिकारच काढून घेतले. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो विभाग मोडीत काढला तेव्हा अधिकार परत आले. पक्ष कोणताही असो, दात असलेला लोकायुक्त कोणालाच आवडत नाही.

महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा 1971 मध्येच केला, पण त्या लोकायुक्ताच्या हाती शिफारस तेवढी. नवे विधेयक 2022 मध्ये विधानसभेत आणि 2023 मध्ये विधान परिषदेत मंजूर झाले. त्यातली गंमत अशी की मुख्यमंत्र्यांची चौकशी करायची तर आधी विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती हवी. म्हणजे ज्याचे बहुमत, त्याची चौकशी त्याच्याच बहुमताला विचारून.

तेव्हा आमदार गावात आले की रस्त्याचे आणि सभामंडपाचे नंतर बोला. आधी विचारा: लाचलुचपत खात्याच्या प्रमुखाची नेमणूक आणि बदली गृहखात्याच्या हातून काढून ठरावीक मुदतीची करायला तुम्ही सभागृहात हात वर कराल का? हो की नाही, तारीख टाकून लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.