‘पडीक’ म्हणायचे कशाला?

(विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. वनस्पतिशास्त्रावर आपणासमोर बोलणे हा आगाऊपणाच. पण आज मला खरे तर एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’.

साताऱ्याजवळचे कासचे पठार आपण फुलांच्या दिवसांत पाहिले असेल. २०१२ साली पश्चिम घाटाच्या काही भागांबरोबर तेही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेच पठार एप्रिलमध्ये पाहा. उघडा जांभा, वर बोटभर माती, सावलीचे नाव नाही. पावसाळ्यात पाण्याने तुडुंब, उन्हाळ्यात तव्यासारखे तापलेले. इथे रोपाने जगावे कसे?

वायतुरा पाऊस सरताच कंदाच्या रूपाने जमिनीत दडतो. ‘सीतेची आसवे’ या हळव्या नावाची वनस्पती तर चक्क मांसाहारी आहे! सड्यावरच्या मातीत नत्र अपुरे, म्हणून ती इवल्याशा फुग्यांत सूक्ष्म जलजीव पकडून आपली गरज भागवते. मात्र सर्वांत विलक्षण आहेत त्या वाळूनही न मरणाऱ्या वनस्पती. पेशींतले ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गेले तरी त्यांतल्या काही तग धरतात. पाणी सरू लागले की पेशींत शर्करा साठते, तिचा काचेसारखा घट्ट थर पेशींची रचना मोडू देत नाही. पहिला पाऊस पडला की वाळके पान पुन्हा हिरवे होते. नवे नव्हे, तेच पान!

प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. तेथील संशोधकांनी या दशकात पश्चिम घाटातील अशा ६२ जातींची नोंद केली. पूर्वी अवघ्या नऊ ठाऊक होत्या. अवर्षणात टिकणारे पीक शोधणाऱ्यांना हे भांडार आपल्याच डोंगरांत सापडावे, याचा मला अभिमान वाटतो.

आणि थोडी लाजही. काही वर्षांपूर्वी आम्ही कार्यकर्ते मोठ्या उत्साहाने एका सड्यावर वृक्षारोपणाला गेलो होतो. पहारीने जांभा फोडला, खड्डे भरले, फोटो काढले. ‘उजाड माळ हिरवा करण्याचा संकल्प’ हा मथळा माझाच. पुढच्या मेपर्यंत रोपे जळून गेली. त्यांच्याबरोबर खड्ड्यांच्या जागचे मूळचे गवतही गेले होते, हे मला एका वनस्पती-अभ्यासकाने जागेवर नेऊन दाखवले, तेव्हा कळले. श्रमदान खरे होते, जागा चुकली होती. मोकळ्या सड्यावर झाडे नसणे हा त्याचा दोष नव्हे. पण सरकारी दप्तरात तो ‘पडीक’ ठरला की खाण, बांधकाम, कचरा, सगळ्यांना वाट मोकळी होते.

शिक्षकांकडे माझे एकच मागणे आहे. कासला सहल न्याच, पण त्याआधी उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर वाळून काळे पडलेले मॉस मुलांना दाखवा. त्यावर तांब्याभर पाणी शिंपडायला सांगा आणि तिथेच थोडा वेळ थांबा. काय घडते ते मुलांनाच वहीत लिहू द्या.